जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्वादुपिंडातून होणारी गळती लवकर कशी ओळखतात?

प्रश्न
रुग्णाची मुलगी

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६२ वर्षे आहे. जठराच्या वरच्या भागात कर्करोग आढळल्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून त्यांचे संपूर्ण जठर आणि त्यालगतच्या लसीका ग्रंथी काढण्यात आल्या आहेत. प्लीहा काढावी लागली नाही. शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरला तर आज चौथा दिवस आहे.

पोटात एक ड्रेन, म्हणजे साठणारा द्रव बाहेर आणणारी नळी, ठेवलेला आहे. त्यातून येणाऱ्या द्रवातील अमायलेज हे पाचक विकर पहिल्या दिवशी १८४० आणि तिसऱ्या दिवशी ६१० युनिट प्रति लिटर आले. रक्तातील अमायलेजची सामान्य कमाल मर्यादा त्या प्रयोगशाळेच्या अहवालावर १०० अशी छापलेली आहे. शरीरातील दाह दाखवणारा रक्तातील सीआरपी तिसऱ्या दिवशी २१० मिलिग्रॅम प्रति लिटर होता. ताप १०० फॅरनहाइटच्या आसपास राहतो, नाडी कालपर्यंत ८८ होती आणि आज सकाळपासून १०४ आहे. ड्रेनमधील द्रव आधी गुलाबी होता, आज तो काहीसा मळकट तपकिरी दिसतो, पण त्याचे प्रमाण कमी झाले आहे.

शल्यचिकित्सकांनी राउंडच्या वेळी एवढेच सांगितले की स्वादुपिंडातून थोडी गळती असण्याची शक्यता आहे आणि आपण लक्ष ठेवून आहोत. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही रात्रभर वडिलांच्या उशाशी बसणारी व्यक्ती मी असल्यामुळे नेमके कशावर लक्ष ठेवायचे हे मला समजून घ्यायचे आहे. शस्त्रक्रिया जठरावर झाली असताना गळती स्वादुपिंडातून का व्हावी? अमायलेजचा आकडा १८४० वरून ६१० वर आला, याचा अर्थ धोका टळला असा घ्यावा का? आणि ही गळती गंभीर होणार की आपोआप थांबणार, हे लवकरात लवकर कशावरून कळते?


प्रतिसाद १
जठराच्या शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक

आपले प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. निर्णय अर्थातच रुग्णाच्या पोटावर हात ठेवून पाहणाऱ्या डॉक्टरांचाच असेल.

स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे आडवे पसरलेले असते. जठराच्या कर्करोगात ज्या लसीका ग्रंथी काढणे आवश्यक असते, त्यांपैकी अनेक ग्रंथी यकृताकडे आणि प्लीहेकडे जाणाऱ्या रोहिण्यांच्या कडेने, म्हणजेच स्वादुपिंडाच्या वरच्या काठाला चिकटून असतात, आणि काही त्याच्या डोक्याच्या खालच्या बाजूस असतात. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी स्वादुपिंड खाली दाबून धरावे लागते आणि ग्रंथी सोडवताना उष्णता निर्माण करणारी उपकरणे त्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही मिलिमीटर अंतरावर चालवावी लागतात. स्वादुपिंडाची ऊती लोण्यासारखी मऊ असते. दाबाने ती चेंगरते, उष्णतेने भाजते, आणि त्या वेळी डोळ्यांना काहीही दिसत नसतानाही नंतर तिथून पाचक रस पाझरू लागतो. शस्त्रक्रिया निष्काळजीपणे झाली असा याचा अर्थ होत नाही. ग्रंथी पूर्णपणे काढण्याच्या प्रयत्नाचीच ही एक ज्ञात किंमत आहे. पोटात चरबी जास्त असलेल्या रुग्णांमध्ये स्वादुपिंडाचा काठ चरबीतून वेगळा ओळखणे कठीण जाते, त्यामुळे त्यांच्यात हा धोका अधिक असतो.

प्लीहा वाचली ही आपल्या वडिलांच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे. जपानमध्ये संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, प्लीहा काढलेल्यांपैकी १२.६ टक्के आणि प्लीहा ठेवलेल्यांपैकी २.४ टक्के रुग्णांना स्वादुपिंडाची गळती झाली, आणि प्लीहा काढल्याने आयुर्मान मात्र वाढले नाही. पूर्वी सरसकट काढली जाणारी प्लीहा आता शक्यतो ठेवली जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आकड्यांविषयी. स्वादुपिंडाच्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००५ मध्ये गळतीची जी व्याख्या केली, तिच्यानुसार तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधील द्रवाचे अमायलेज रक्तातील कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल तर गळती मानली जाते. आपल्या प्रयोगशाळेची मर्यादा १०० असल्यामुळे ही रेषा ३०० वर येते आणि वडिलांचे ६१० तिच्या वर आहे. परंतु २०१६ मध्ये त्याच गटाने व्याख्येत सुधारणा केली. केवळ आकडा वाढलेला आहे, पण रुग्णाच्या प्रकृतीवर किंवा उपचारांवर त्याचा काहीही परिणाम झालेला नाही, अशा स्थितीला आता खरी गळती न मानता केवळ 'जैवरासायनिक गळती' म्हणतात. संसर्ग झाला, नवी नळी घालावी लागली किंवा ड्रेन तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवावा लागला, तर तो 'ब' दर्जा; पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, एखादा अवयव निकामी होऊ लागला किंवा मृत्यू ओढवला, तर 'क' दर्जा. आज आपले वडील 'जैवरासायनिक' आणि 'ब' यांच्या सीमेवर कुठेतरी आहेत आणि ते कोणत्या बाजूला जातात हेच पुढचे दोनतीन दिवस पाहायचे आहे.

या व्याख्येची एक अडचण अशी की ती तिसऱ्या दिवसाची वाट पाहते. म्हणून जठराची शस्त्रक्रिया करणारे अनेक जण पहिल्याच दिवशी ड्रेनचे अमायलेज तपासतात. जपानी शल्यचिकित्सकांनी तर १९९७ मध्येच संपूर्ण जठर काढल्यानंतरच्या ड्रेनमधील अमायलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिल्या दिवसाच्या आकड्याची धोक्याची रेषा कुठे काढावी याविषयी एकमत नाही. कोणी ती हजाराच्या आसपास काढतात, तर कोणी चार हजारांपर्यंत नेतात. स्वादुपिंडाच्याच शस्त्रक्रियेनंतर ड्रेन लवकर काढावा की नाही हे ठरवण्यासाठी पहिल्या दिवशीची ५००० ही रेषा वापरली जाते, पण ती इथे जशीच्या तशी लावणे मला योग्य वाटत नाही, कारण तिथे कापलेली नलिका जोडलेली असते आणि इथे नलिका शाबूत राहून फक्त पृष्ठभाग दुखावलेला असतो. माझ्या मते पहिल्या दिवसाचा आकडा कमी असेल तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. तो जास्त असेल तर मात्र त्यावरून एवढेच ठरते की या रुग्णाचा ड्रेन घाईने काढू नये आणि रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी पुन्हा कराव्यात. आकडा जास्त आलेल्यांपैकी अनेकांना पुढे काहीही होत नाही.

१८४० वरून ६१० ही घसरण चांगली आहे का? आकडा बहुतेकांचा उतरतोच, ज्यांना पुढे त्रास होतो त्यांचाही, कारण पहिल्या दिवशी शस्त्रक्रियेच्या वेळी सांडलेला रसही त्यात मोजला जातो. शिवाय हे द्रवाच्या एका लिटरमागचे प्रमाण आहे. एकूण किती रस बाहेर पडतो हे समजण्यासाठी त्याला दिवसभराच्या द्रवाच्या मापाने गुणावे लागते. म्हणून मला आपल्याकडून रोजचे मिलिलिटर हवे आहेत. द्रव अचानक कमी होणे आणि त्याच दिवशी नाडी वाढणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी प्रथम ड्रेन तुंबला आहे का ते पाहतो. तुंबलेल्या ड्रेनमधून येणारा कमी आकडा हा सर्वांत फसवा आकडा असतो, कारण गळणारा रस आत साठत राहतो आणि बाहेर सर्व काही शांत दिसते.

सीआरपी यकृतात तयार होतो आणि शस्त्रक्रियेनंतर साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी शिखरावर पोहोचतो. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १९ तास लागतात. त्यामुळे शरीरातील दाह खरोखर ओसरत असेल तर चौथ्या आणि पाचव्या दिवशी तो स्पष्टपणे खाली आलेला दिसला पाहिजे. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी २१० ही नोंद एकटीने काही सिद्ध करत नाही, पण ती दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. उद्याचा सीआरपी आजपेक्षा उतरला नाही, किंवा तसाच रेंगाळला, तर माझ्यासाठी ते अमायलेजच्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक बोलके असेल.

थोडक्यात, अमायलेज गळती आहे की नाही हे सांगते. ती गळती शरीराला बाधू लागली आहे की नाही हे सीआरपी, नाडी आणि ड्रेनचा रंग सांगतात. आपल्या वर्णनातील या तिन्ही गोष्टी मला आज किंचित अस्वस्थ करतात. म्हणून राउंडची वाट न पाहता ड्यूटीवरील डॉक्टरांना आत्ताच सांगा की नाडी १०४ झाली आहे, द्रवाचा रंग बदलला आहे आणि द्रव येणे कमी झाले आहे. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगा, कारण सुटी सुटी सांगितली तर त्यांतील प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते.


प्रतिसाद २
शल्यकक्षातील परिचारिका

डॉक्टरांनी लिहिलेल्या मजकुराला मी वॉर्डातील अनुभवाची जोड देते. अशा रुग्णांची अनेक वर्षे सेवा केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की गळतीची पहिली बातमी बहुतेक वेळा प्रयोगशाळेतून येत नाही, तर ड्रेनच्या नळीतून येते.

सर्व काही सुरळीत असेल तर द्रव पहिल्या दिवशी लालसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि त्यानंतर फिकट पिवळा व पारदर्शक होत जातो. हा क्रम उलटा फिरला किंवा मध्येच अडकला की आम्ही सावध होतो. स्वादुपिंडाचा रस मिसळला की द्रव गडद लालसर-जांभळा, तपकिरी किंवा राखाडी आणि गढूळ होतो. संसर्ग झाला की त्याला वासही येऊ लागतो. हिरवट किंवा गडद पिवळा रंग पित्ताचा असतो. खाणेपिणे सुरू केल्यानंतर द्रव दुधासारखा पांढरा झाला तर ती बहुधा लसीकेची गळती असते, ती वेगळी बाब आहे. ताई, आपण 'मळकट तपकिरी' असे लिहिले आहे, म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटले.

रंग पाहताना पिशवीत पाहू नका. तिथे चोवीस तासांचा जुना आणि नवा द्रव एकत्र झालेला असतो. नळीच्या पारदर्शक भागात जो ताजा द्रव आहे, त्याचा रंग पाहा. तपासणीचा नमुनाही आम्ही शक्यतो ताज्या द्रवाचाच घेतो. ड्रेनच्या तोंडाभोवतीची कातडी लाल झाली, चरचरू लागली किंवा ड्रेसिंग वारंवार भिजू लागले, तर द्रव नळीतून न येता तिच्या कडेने बाहेर पडत आहे असे समजावे. नळीला आपण स्वतः हात लावू नका, ती पिळू नका आणि खेचू नका. रक्ताच्या गुठळीने किंवा चिकट द्रवाने ती तुंबली असेल तर ती मोकळी करण्याची पद्धत परिचारिकांना माहीत असते. रुग्ण कूस बदलताना ती शरीराखाली दुमडली गेली नाही ना, एवढे मात्र आपण जरूर पाहू शकता.

नाडीबद्दल एक सूचना. वेदना कमी करण्यासाठी ठरावीक तासांनी पॅरासिटामॉल दिले जात असेल तर ताप झाकला जातो, त्यामुळे 'ताप नाही' या वाक्यावर समाधान मानू नये. नाडी बहुतेक वेळा तापाच्या आधी वाढते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी नाडी मंद करणारी गोळी सुरू असलेल्या रुग्णात मात्र तीही दबलेली राहते, म्हणून वडिलांची नेहमीची औषधे डॉक्टरांना पुन्हा एकदा सांगा. त्याखेरीज न थांबणाऱ्या उचक्या, डाव्या खांद्यात किंवा पाठीत नव्याने सुरू झालेली वेदना, श्वास उथळ होणे, आणि आदल्या दिवशी खुर्चीत बसणारा माणूस आज उठायलाच तयार नसणे, या गोष्टींची वेळेसह एका कागदावर नोंद ठेवा. पाळी बदलताना आम्ही एकमेकींना सर्व सांगतोच, पण तिन्ही पाळ्यांमध्ये सतत रुग्णाजवळ असणारी व्यक्ती आपणच आहात.


रुग्णाची मुलगी

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल आपले उत्तर वाचल्याबरोबर मी ड्यूटीवरील डॉक्टरांकडे गेले आणि तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. त्यांनी लगेच येऊन नळी तपासली. ती आतून चिकट गुठळीने जवळजवळ बंद झाली होती. रोजचे माप असे होते: पहिल्या दिवशी १८० मिलिलिटर, दुसऱ्या दिवशी १४०, तिसऱ्या दिवशी ९० आणि काल नळी मोकळी करेपर्यंत फक्त २५. मोकळी केल्यावर अर्ध्या तासात ११० मिलिलिटर गढूळ तपकिरी द्रव आला.

आज पाचवा दिवस. सीआरपी २३८ आहे, म्हणजे उतरण्याऐवजी वाढला आहे. आज दुपारी सीटी स्कॅन ठरला आहे. शल्यचिकित्सक म्हणाले की गळती स्वादुपिंडाचीच आहे की अन्ननलिका आणि आतडे यांच्या जोडाची, हेही पाहावे लागेल, कारण अमायलेज दोन्हींत वाढू शकते. हे मला समजले नाही. अमायलेज स्वादुपिंडाचे असते ना?


प्रतिसाद ३
क्ष-किरण व सीटी तज्ज्ञ

अमायलेज लाळेतही असते. संपूर्ण जठर काढल्यानंतर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडलेली असते आणि तो जोड उसवला तर गिळलेली लाळ पोटात किंवा छातीच्या तळाशी उतरते; तिच्यामुळे ड्रेनचे अमायलेज काही हजारांवरही जाऊ शकते. तिसरी शक्यता ड्युओडिनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, शिवून बंद केलेल्या टोकाची. तिथून गळती झाली तर पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दोन्ही एकत्र बाहेर पडतात. म्हणून ड्रेनच्या द्रवात अमायलेजबरोबर बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्यही मोजतात. ते रक्तातील बिलिरुबिनच्या तिपटीहून जास्त असेल तर पित्त मिसळले आहे असे समजतात. चरबी पचवणाऱ्या लायपेज या विकराचीही मदत होते, कारण स्वादुपिंडाच्या रसात ते विपुल असते आणि लाळेत ते नसल्यासारखेच असते. ही तपासणी त्याच नमुन्यावर होते आणि तिच्यासाठी रुग्णाला वेगळा त्रास होत नाही, तरीही ती मागवायची बऱ्याचदा राहून जाते.

सीटीच्या वेळेविषयी गैरसमज असतात, म्हणून थोडे लिहितो. शस्त्रक्रियेनंतर पहिले तीनचार दिवस पोटात थोडा द्रव आणि थोडी हवा असणे स्वाभाविक असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर पोट वायूनेच फुगवलेले असते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी केवळ मनाच्या समाधानासाठी काढलेला सीटी आम्हालाही संभ्रमात टाकतो. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास चित्र अधिक स्पष्ट होते. प्रकृती बिघडत असेल तर मात्र दिवस मोजत बसू नये.

मूत्रपिंडांचे कार्य ठीक असेल तर सीटीत उजळून दिसणारे औषध शिरेतून देऊन हा तपास करतात. स्वादुपिंडाच्या वरच्या काठाला लागून साठलेला द्रव, त्याभोवती औषध शोषून उजळलेली कड, द्रवात अडकलेले हवेचे बुडबुडे आणि आजूबाजूच्या चरबीत पसरलेला धूसरपणा, अशी चिन्हे एकत्र दिसली तर संसर्ग झालेल्या गळतीची शक्यता मोठी असते. जोडाविषयी शंका असल्यास पाण्यात विरघळणारे औषध पाजून ते जोडातून बाहेर झिरपते का तेही पाहतात. मला स्वतःला रोहिण्यांचा टप्पा, म्हणजे औषध दिल्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटाने घेतलेली चित्रे, कधीही वगळू नये असे वाटते. ग्रंथी काढताना यकृताकडे आणि प्लीहेकडे जाणाऱ्या रोहिण्या उघड्या पडलेल्या असतात; सांडलेला रस त्यांची भिंत कुरतडतो आणि तिथे फुगवटा तयार होऊ शकतो. तो त्याच टप्प्यात ठळकपणे दिसतो.

द्रवाचा साठा दिसला आणि सध्याचा ड्रेन तिथवर पोहोचत नसेल, तर सोनोग्राफीच्या किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली त्वचेतून एक बारीक नळी आत सोडता येते. तिचे टोक गोल वळलेले असते, म्हणून तिला पिगटेल म्हणतात. बहुतेक वेळा त्यासाठी संपूर्ण भूल लागत नाही.


प्रतिसाद ४
शल्यचिकित्सक, दुसरा विभाग

एका मुद्द्यावर मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. वरील सर्व चर्चा ड्रेन आहे असे गृहीत धरून चालली आहे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्यासंबंधी २०१४ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सरसकट ड्रेन ठेवण्याच्या बाजूने नाहीत, आणि आम्हीही अनेक रुग्णांत तो ठेवत नाही. नळीमुळे वेदना होतात, रुग्ण कमी चालतो आणि बाहेरचे जंतू आत जाण्याला एक वाट मिळते. अशा रुग्णात गळती ओळखण्याचा आमचा आधार म्हणजे रोजची नाडी, तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाचा सीआरपी आणि सीटी मागवण्यात न केलेला उशीर. ड्रेन नाही म्हणून गळती नाही असे मानून कोणी निर्धास्त राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.


शल्यचिकित्सक (प्रतिसाद १)

आपला मुद्दा रास्त आहे. जठराचा केवळ खालचा भाग काढला असेल आणि ग्रंथी सहज सुटल्या असतील तर मीही ड्रेन ठेवत नाही. परंतु स्वादुपिंडाच्या काठावर बराच वेळ काम करावे लागले असेल, चरबी जास्त असेल किंवा काठावर कुठे भाजल्याची शंका असेल, तर मी तो ठेवतो आणि पहिल्या व तिसऱ्या दिवशी अमायलेज तपासतो. ड्रेन ठेवला तर तो वापरायचा, ही माझी अट असते. नुसता लटकत ठेवलेला आणि न तपासलेला ड्रेन रुग्णाला त्रास देतो आणि डॉक्टरांना खोटा दिलासा देतो.


रुग्णाची मुलगी

आज नववा दिवस आहे. सीटीमध्ये स्वादुपिंडाच्या वरच्या काठाजवळ सुमारे पाच सेंटिमीटरचा द्रवसाठा दिसला. जोड शाबूत आहे आणि रोहिण्यांत फुगवटा नाही. त्याच संध्याकाळी पिगटेल घातली. त्या द्रवाचे अमायलेज ९४०० आले, लायपेजही खूप वाढलेले होते आणि बिलिरुबिन रक्ताइतकेच होते. द्रवात जंतू वाढल्यामुळे त्यानुसार प्रतिजैविक बदलले आहे. आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न सुरू आहे. नाडी ८४ आणि आजचा सीआरपी ९६ आहे. वडील काल स्वतःहून खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र मागितले.

शल्यचिकित्सकांनी सांगितले की अजून रक्तस्रावाकडे लक्ष ठेवायचे आहे. सर्व सुधारत असताना आता रक्तस्राव का व्हावा? आणि या नळ्या केव्हा निघतील?


शल्यचिकित्सक (प्रतिसाद १)

ही बातमी वाचून खरोखर आनंद झाला. व्याख्येप्रमाणे ही आता 'ब' दर्जाची गळती आहे, परंतु ती पाचव्या दिवशी हाती लागली. हीच गोष्ट दहाव्या दिवशी, रुग्ण थरथर कापत असताना आणि रक्तदाब उतरलेला असताना कळली असती, तर उपचार तेच असूनही रुग्णाची त्यांना तोंड देण्याची ताकद उरली नसती. पुढे केमोथेरपी द्यायची असल्यास ती शक्यतो शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा प्रयत्न असतो, त्या दृष्टीनेही वाचलेले हे दिवस मोलाचे आहेत.

नळ्यांविषयी: द्रव दिवसाला काही मिलिलिटरवर आला, पारदर्शक झाला, अमायलेज उतरले आणि रुग्णाला ताप नसेल, तर नळी थोडी थोडी बाहेर ओढत टप्प्याटप्प्याने काढतात, म्हणजे तिची वाट आतून भरत येते. अनेकदा त्यापूर्वी एक सीटी किंवा सोनोग्राफी करून साठा आटला आहे याची खात्री करतात. याला आठवडे लागू शकतात आणि काही रुग्ण नळीसह घरी जातात.

रक्तस्रावाचे कारण असे. स्वादुपिंडाचा रस पोटात निष्क्रिय स्वरूपात सांडतो, पण जंतूंच्या किंवा आतड्यातील रसाच्या संपर्कात आला की तो सक्रिय होतो आणि मांस पचवावे तशी रोहिणीची भिंत पचवू लागतो. हे काम हळूहळू चालते, म्हणून रक्तस्राव साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात होतो, जेव्हा रुग्ण सुधारू लागलेला असतो आणि सगळे थोडे निश्चिंत झालेले असतात. स्वच्छ सीटी ही त्या दिवसाची ग्वाही असते, पुढच्या आठवड्याची नसते.

मोठ्या रक्तस्रावापूर्वी बऱ्याच रुग्णांत एक लहान रक्तस्राव होऊन आपोआप थांबतो. ड्रेनमध्ये चमचाभर ताजे लाल रक्त येते, किंवा रक्ताची एक उलटी होते, किंवा शौच काळे होते, किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना एखाददोन अंकांनी उतरते. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत मोठा रक्तस्राव होतो. त्यामुळे नळीत ताजे लाल रक्त दिसले तर ते कितीही थोडे असो, आणि नंतर थांबलेले असो, त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा आणि रोहिण्यांचा सीटी करायचा का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. त्या टप्प्यावर फुगवटा सापडला तर मांडीच्या सांध्यातील रोहिणीतून बारीक नळी नेऊन तो आतून बंद करता येतो, किंवा यकृताकडे जाणारी रोहिणी असेल तर रक्तप्रवाह चालू ठेवून आवरण असलेला स्टेंट बसवता येतो. पोट पुन्हा उघडण्याची वेळ त्यामुळे बहुधा टळते.

वडील नळीसह किंवा नळीशिवाय घरी गेले तरी पुढचे काही आठवडे हाच नियम लागू राहील. काळे शौच, रक्ताची उलटी, अचानक आलेली घेरी किंवा ड्रेसिंगवर ताजे रक्त, यांपैकी काहीही झाले तर बाह्यरुग्ण विभागाच्या दिवसाची वाट पाहू नका. थेट तातडीच्या विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की जठराच्या शस्त्रक्रियेनंतर यांना स्वादुपिंडाची गळती झाली होती. रुग्णालयातून सुटी मिळताना हे वाक्य कागदावर ठळकपणे लिहून मागा, कारण तिथे रात्री ड्यूटीवर असणाऱ्या डॉक्टरांनी वडिलांना कधीही पाहिलेले नसेल.